वचन कुणाला लिहिलं होतं?

३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वॉचनाईटची उपासना असते. बाराच्या ठोक्याला घंटा वाजते, लोक एकमेकांना सलाम करतात आणि मग परडी फिरते. परडीत छोटी छोटी कार्डं असतात, प्रत्येकावर पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एकेक वचन. मनात प्रार्थना करायची, न बघता एक उचलायचं. ते आपलं वर्षाचं वचन. कुणी ते पाकिटात ठेवतं, कुणी शोकेसच्या काचेला चिकटवतं, आणि हल्ली बरेच जण फोटो काढून रात्रीच स्टेटसला लावतात.

एका वर्षी माझ्या मावशीच्या हाताला यिर्मया २९:११ लागलं, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायातलं अकरावं वचन. "तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत." फेब्रुवारीत तिला पोटाचा कॅन्सर निघाला. भेटायला येणारं प्रत्येक माणूस पलंगाशेजारच्या त्या कार्डाकडे बोट दाखवायचं. देवाने आधीच सांगून ठेवलंय मावशी, तुम्ही बऱ्या होणार. सप्टेंबरात ती गेली. मातीच्या दिवशी कबरस्तानातून परतताना तिच्या धाकट्या मुलाने, माझ्या मावसभावाने, मला विचारलं, "मग वचन खोटं होतं, की आईचा विश्वास कमी पडला?"

हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. नोकरी गेलेल्या, मूल न झालेल्या, पोरगं दारूच्या नादी लागलेल्या किती तरी घरांत तो मनातल्या मनात विचारला जातो, आणि पाळकांसमोर, चर्चच्या धर्मगुरूंसमोर, मात्र कुणी तोंडातून काढत नाही. माझं म्हणणं असं की या प्रश्नाला लोकांना आपण, मंडळीने, ढकललं आहे. त्यांच्या हातात आपण वचन दिलं, पण ते कुणाला लिहिलं होतं हे सांगितलं नाही.

ते वचन एका पत्रातलं आहे. इसवी सनापूर्वी ५९७ साली बाबेलचा, म्हणजे बॅबिलोनचा, राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेममधून राजा, राजमाता, सरदार, सुतार आणि लोहार यांना धरून नेलं. गाव सुटलेली, देऊळ दुरावलेली ही माणसं परक्या मुलखात एकाच बातमीची वाट बघत होती, परत कधी जायचं याची. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने ती बातमी दिलीही: दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मया तेव्हा मानेवर लाकडी जू घेऊन फिरत होता, बाबेलची सत्ता इतक्यात सुटणार नाही हे दाखवायला. हनन्याने ते जू त्याच्या मानेवरून काढून सगळ्यांसमोर मोडलं. त्याआधी यिर्मयाने त्याला दिलेलं उत्तर मला फार हलवून जातं. तो आधी म्हणाला, आमेन, परमेश्वर तसंच करो. त्यालाही ते खरं व्हायला हवं होतं. पण ते खरं नव्हतं.

मग यिर्मयाने त्या धरून नेलेल्या लोकांना पत्र धाडलं. घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. मुलाबाळांची लग्नं करा. ज्या नगरात मी तुम्हांला नेलं आहे त्याचं हित चिंता, त्यासाठी प्रार्थना करा. दहाव्या वचनात तो मुदत सांगतो, ७० वर्षं. अकरावं वचन येतं ते त्यानंतर. म्हणजे ज्यांच्या हातात ते पत्र पडलं त्यांपैकी बहुतेक मोठी माणसं बाबेलच्याच मातीत जाणार होती, आणि हे त्यांना पत्रातच स्पष्ट सांगितलं होतं. हिताचे संकल्प खरे होते. फक्त ते एका माणसाच्या आयुष्यात मावणारे नव्हते.

इथे आपल्या भाषेची एक गंमत नव्हे, एक अडचण आहे. मराठीत 'तुम्ही' अनेकवचनीही असतं आणि आदरार्थीही. कार्डावर 'तुमच्याविषयी' वाचलं की आपल्याला वाटतं, देव माझ्याशीच बोलतोय, जरा आदराने बोलतोय. पण मराठी पवित्र शास्त्र उघडून बघा. देव एकट्या माणसाशी बोलतो तेव्हा 'तू' म्हणतो. अब्राहामाला तू, मोशेला तू, यहोशवाला "खंबीर हो, हिंमत धर". तिथे 'तुम्ही' आलं की समोर जवळजवळ नेहमी लोकसमुदाय असतो. 'तुमच्याविषयी' म्हणजे तुम्हा सगळ्यांविषयी, तुमच्या नातवंडांविषयीसुद्धा. आजच्या इंग्रजीत वाचणाऱ्याला हा फरक दिसत नाही. आपल्याला पानावरच दिसतो, आणि तरी तो आपल्या नजरेतून सुटतो.

वचन त्याच्या अध्यायातून उचकटून काढलं की काय होतं, हे पवित्र शास्त्रातच लिहून ठेवलं आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभा करतो आणि म्हणतो, उडी टाक, कारण असा शास्त्रलेख आहे की देवदूत तुला हातांवर झेलतील. तो खोटं वचन सांगत नाही. ९१व्या स्तोत्रातल्या त्या ओळी अगदी बरोबर आहेत. त्याच्या लगेच पुढची ओळ नाग पायाखाली तुडवण्याची आहे, तिच्या अलीकडेच तो थांबतो. येशू उत्तर देतो तेही शास्त्रलेखानेच: परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. हे 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं वचन, आणि त्याच्यामागे मस्सा इथला, इस्राएल लोकांचा पाण्यावरून झालेला सगळा तंटा उभा आहे. म्हणजे वाद 'वचन मानणारा विरुद्ध न मानणारा' असा नव्हताच. दोघांच्याही तोंडी वचन होतं.

२०२० साली हेच ९१वं स्तोत्र आपल्या फोनांवर किती फिरलं ते आठवून बघा. कुठलीही व्याधी तुझ्या तंबूजवळ येणार नाही. रात्री भीतीने झोप उडालेल्या माणसाने ते म्हटलं तर ती प्रार्थना आहे, आणि ती प्रार्थना मीही केली आहे. पण त्याच ओळी दाखवून मला एकाने सांगितलं होतं की विश्वासणाऱ्याला मास्कची गरज नाही. शब्द तेच, पण तो मंदिराच्या कड्यावर उभा होता.

आतापर्यंत बोलले ते दिलाशाच्या वचनांबद्दल. त्यांच्या चुकीच्या वाचनाने माणूस निराश होतो. काही वचनांच्या चुकीच्या वाचनाने माणूस मार खातो.

माझ्या ओळखीतली एक लेक नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरी आली होती. डोळ्याखाली काळंनिळं, सोबत दोन वर्षांची मुलगी. चौथ्या दिवशी मंडळीतले चार वडीलधारे तिला समजावायला गेले. जाताना बायबल घेऊन गेले. इफिसकरांस पत्र, पाचवा अध्याय, बाविसावं वचन: स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा. वाचलं, प्रार्थना केली, चहा घेतला आणि तिला परत पाठवण्याची तारीख ठरवून आले. त्यांच्या मनात कपट नव्हतं. घर मोडू नये असंच त्यांना वाटत होतं. म्हणून तर मला त्याची जास्त भीती वाटते.

त्यांनी एक ओळ आधी वाचायला हवी होती. एकविसावं वचन: "ख्रिस्ताचे भय बाळगून एकमेकांच्या अधीन असा." सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनाला स्वतःचं क्रियापदसुद्धा नाही, ते एकविसाव्यातून घ्यावं लागतं. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने जी गोष्ट एका दमात सांगितली तिचे दोन तुकडे आपण केले, आणि दुसरा तुकडा तेवढा बाईच्या हातात दिला. आता पुढे मोजा. बायकांना उद्देशून तीन वचनं आहेत. नवऱ्यांना सांगायला पौल पंचविसाव्या वचनापासून अध्याय संपेपर्यंत थांबत नाही. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी बायकोवर प्रीती करा. स्वतःच्या देहाचा कुणी द्वेष करत नाही, त्याचं पालनपोषण करतो. हे वाचायला त्या चौघांना दुसऱ्या घरी, त्या नवऱ्याच्या घरी जावं लागलं असतं. तिथे कुणी गेलं नाही.

मला वाटतं कुठलंही वचन लावताना विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे: हे मी कुणाच्या दारात नेऊन वाचतोय? ज्याला ते लिहिलं त्याच्या, की जो माझ्यापुढे गप्प बसेल त्याच्या?

अध्याय आणि वचनांचे आकडे पौलाने घातले नाहीत, यिर्मयानेही नाहीत. अध्याय मध्ययुगात, तेराव्या शतकात पाडले गेले. नव्या कराराला आज आपण वापरतो ते वचनांचे आकडे रोबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ सालच्या आवृत्तीत घातले. शोधायला सोपं जावं म्हणून ते आहेत, आणि त्यांचा उपयोग आहेच. पण आकडा दिसला की आपल्याला वाटतं, इथे एक गोष्ट सुरू झाली आणि इथे संपली. पहिल्या मंडळ्यांनी ही पत्रं कुणाच्या तरी घरी जमून, एकाच बैठकीत, मोठ्याने वाचलेली ऐकली. कलस्सैकरांना पौल सांगतो की तुमच्यात हे वाचून झाल्यावर लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाईल असं करा. त्या खोलीत नवरा होता, बायको होती, मुलं होती, दास होता आणि त्याचा धनीही होता. दुसऱ्याला काय सांगितलं तेही प्रत्येकाला ऐकू येत होतं. हे मला फार मोलाचं वाटतं. आज बाईला तिचं वचन वेगळं मिळतं आणि धन्याला त्याचं वेगळं, आणि दोघांनाही दुसऱ्याचं माहीत नसतं.

यावर मला नेहमी जे सांगितलं जातं ते खोटं नाही. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती, ती एका ओवीवर आयुष्य काढून गेली, तिला कुठे इतिहास माहीत होता? पवित्र आत्मा शिकवतो, त्याला ग्रीक लागत नाही. तुम्ही शिकलेली माणसं साध्या विश्वासात माती कालवता.

माझीही आजी होती, आणि तिलाही वाचता येत नव्हतं. पण तिच्याजवळ एक ओवी नव्हती. तिला २३वं स्तोत्र सगळं पाठ होतं, मेंढपाळापासून मरणछायेच्या खोऱ्यापर्यंत आणि तिथून शत्रूंसमोर मांडलेल्या ताटापर्यंत. "मला काही उणे पडणार नाही" म्हणणाऱ्याला पुढे ते काळोखं खोरं लागतं, हे तिला ठाऊक होतं, कारण ती तिथे कधी थांबलीच नाही. योसेफाची गोष्ट ती खड्ड्यापासून मिसरच्या धान्यकोठारापर्यंत न चुकता सांगायची. अक्षर न येणाऱ्या त्या पिढीकडे अख्खं शास्त्र कानावाटे आलं होतं, भजनांतून, कीर्तनांतून. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन या मातीत रुजवलं ते उगाच नाही. कीर्तनकार पूर्वरंगात एक चरण घेतो हे खरं, पण तो सोडवत सोडवत तासभर बसतो, आणि उत्तररंगात सबंध आख्यान लावतो. चरण घेऊन घरी जा असं कुठलाही कीर्तनकार म्हणत नाही. त्यामुळे आजीचा साधा विश्वास वाचवायचा असेल तर तिचं ऐकणंही वाचवायला हवं. कार्ड ही तिची परंपरा नव्हे.

आणि पंडिता रमाबाईंचं काय म्हणाल? संस्कृतात पंडिता झालेल्या या बाईने आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घातली. केडगावला मुक्तीसदनातल्या मुलींनी, ज्यांत दुष्काळातून वाचवून आणलेल्या होत्या, बालविधवा होत्या, त्यांनी छपाईचे खिळे जुळवून ते छापलं. १९२२ साली रमाबाई गेल्या. एवढे कष्ट त्यांनी विद्वानांसाठी घेतले नाहीत. खेड्यातल्या बाईला सगळं शास्त्र स्वतः वाचून समजावं, मधे कुणी सांगणारा लागू नये, म्हणून घेतले. सोप्या भाषेतलं सगळं पुस्तक आणि सोपा केलेला एक तुकडा, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सगळं वाचण्याची अडचण अशी की मग आपल्याला नको असलेलं वचनही भेटतं. नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाचा ग्रंथ वाचला, दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका. लोक खूश झाले, त्याच्या तोंडच्या कृपावचनांचं नवल करू लागले. मग त्याने ते वचन लागू केलं. एलीयाच्या काळात इस्राएलात पुष्कळ विधवा होत्या, पण एलीयाला पाठवलं सारफथच्या परक्या विधवेकडे. कुष्ठरोगी पुष्कळ होते, पण शुद्ध झाला तो सूरीयाचा नामान. तीच माणसं उठली आणि त्याला कड्यावरून लोटायला घेऊन गेली. वाचलं तोवर सगळं ठीक होतं. लागू केलं तिथे बिनसलं.

आपल्याकडे ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र हा भेद नाही हे वचन लग्नाच्या उपासनेतसुद्धा वाचलं जातं, आणि त्याच लग्नाच्या बोलणीत, घर तिसऱ्या पिढीचं ख्रिस्ती असलं तरी, "तुम्ही मूळचे कोण?" हे विचारून झालेलं असतं. गलतीकरांस पत्रातलं ते वचन परडीत असतं का? असतं. आपण ते आशीर्वाद म्हणून उचलतो आणि सोयरीक जमवताना बाजूला ठेवतो.

याकोबाच्या पत्रातलं वचन मात्र मी अजून कुठल्याही परडीत पाहिलेलं नाही. ज्या कामकऱ्यांनी तुमच्या शेतांची कापणी केली त्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे. अनुवादात मोशेचं नियमशास्त्र तर वेळही सांगतं: त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात लागलेला असतो. एका मंडळीत मी पाहिलं आहे, ख्रिस्तजयंतीच्या रोषणाईचे पैसे आगाऊ दिले होते आणि आवार झाडणाऱ्या बाईचे तीन महिन्यांचे थकले होते. ती दर रविवारी दाराशी चपला काढून आत येऊन शेवटच्या बाकावर बसायची. कमिटीतले सगळे तिला ओळखत होते. सगळे प्रार्थना करणारे होते. वर्षाचं वचन सगळ्यांकडे होतं.

दैनंदिन जीवनात वचन लागू करायचं म्हणतो तेव्हा आपल्याला बहुधा मनाची उभारी हवी असते. ती मिळते, आणि ती मिळू नये असं मी कुठे म्हणते? पण पगाराची तारीख, सोयरिकीची बोलणी, भाडेकरूचं डिपॉझिट, सासरी गेलेल्या मुलीचा फोन, हेच दैनंदिन जीवन आहे. वचन तिथवर पोचत नसेल, तर ते लागू झालं असं म्हणायचं कशावरून?

परडी बंद करा असं माझं म्हणणं नाही. बाराच्या ठोक्याला ती फिरते तेव्हा माझाही ऊर भरून येतो. माझी सूचना लहानशी आहे. कार्डावर वचन छापू नका, अध्याय लिहा. 'यिर्मया २९.' 'इफिस ५.' 'याकोब ५.' एवढंच. १ जानेवारीला सकाळी घरातल्या सगळ्यांनी बसून तो अध्याय एकाने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. यिर्मयाचा तो अध्याय वाचायला दहा मिनिटंही लागत नाहीत. आणि वर्षातून चार रविवारी तरी उपदेशाऐवजी एक सबंध पत्र वाचा, मधे काही न बोलता. फिलिप्पैकरांस पत्र अर्ध्या तासाच्या आत होतं. मग "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे" हे वाक्य परीक्षेच्या हॉलमधून किंवा क्रिकेटच्या मैदानातून आलेलं नाही, तुरुंगातून आलेलं आहे, उपाशी राहायलाही शिकलेल्या माणसाच्या तोंडचं आहे, हे पोरांना कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

भावाला मी त्या दिवशी यातलं काही सांगितलं नाही. आईची माती करून आलेल्या माणसाशी हिब्रू इतिहास बोलायचा नसतो. काही महिन्यांनी तो घरी आला तेव्हा त्याला जूनमधली एक दुपार सांगितली, कारण तेव्हा तो पुण्याला होता.

मावशीला तेव्हा बायबल हातात धरवत नव्हतं. मी वाचून दाखवायची. त्या दिवशी ती म्हणाली, कार्डावरचं वाच, पण पहिल्यापासून वाच. मी २८व्या अध्यायापासून सुरुवात केली. हनन्या, मोडलेलं जू, पत्र, घरं, बागा. ७० वर्षांपाशी तिने हात वर केला.

"म्हणजे ज्यांना पत्र आलं ते परत गेलेच नाहीत."

"लहान पोरं गेली असतील एखाददुसरी. म्हातारी होऊन."

"आणि तरी त्यांना सांगितलं, घरं बांधा?"

मी हो म्हटलं. ती बराच वेळ छताकडे बघत पडली होती. मला वाटलं झोप लागली. मग तिने विचारलं, पाऊस कधी लागणार म्हणतात? मी म्हटलं, आठवड्याभरात. तेव्हा म्हणाली, स्वयंपाकघरावरचे दोन पत्रे गळतात, गेल्या वर्षीपासून राहिलेत. माणूस बोलाव.

माणूस दुसऱ्या दिवशी आला. तो वर हातोडी मारत होता तोवर ती जागीच होती, आवाज होतोय म्हणून खोलीचं दार लावायला गेले तर नको म्हणाली. संध्याकाळी पत्रे बसले. तिने उशीखालचं पाकीट मागून घेतलं, चष्मा लावला आणि त्याची मजुरी स्वतः मोजून त्याच्या हातात दिली. बाहेर अजून ऊन होतं.